जावयासाठी ठेवलेलं माझं घड्याळ

घड्याळावरचा ओरखडा दिसला की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. "अरेरे! एवढ्या भारी घड्याळाला!" असं म्हणतात आणि माझा हात हातात घेऊन अंगठ्यानं तो ओरखडा चोळून बघतात, पुसला जातोय का म्हणून. परवा पापड तळताना त्याच मनगटाजवळ तेल उडालं, चांगला टपोरा फोड आला. तो एकालाही दिसला नाही. शेजारच्या वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, "घड्याळाला नाही ना काही झालं?" मी म्हटलं, "नाही हो, वाचलं बिचारं. मी भाजले तर काय, मला काय वॉरंटी थोडीच आहे."

हो, मी ते रोज घालते. भाकरी थापताना घालते, भरताची वांगी भाजताना घालते, ड्यूटीवर घालते, बाजारात भाजी निवडताना घालते. मे महिन्यात आमच्याकडच्या उन्हात स्टीलचा पट्टा असा तापतो की मनगटाला चटका बसतो, तरी घालते. आणि ते कपाटात ठेवा असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकही जण ते विकत घेताना माझ्यासोबत दुकानाची पायरी चढलेला नव्हता.

मी भुसावळजवळ दीपनगरला वीज केंद्रात केमिस्ट आहे. बॉयलरमध्ये जाणारं पाणी तपासायचं, हे माझं काम. त्या पाण्यात नको ते क्षार राहिले तर आतल्या नळ्यांची वाट लागते, म्हणून ठरलेल्या वेळी नमुने घ्यायचे, ठरलेल्या वेळी आकडे कळवायचे. त्यामुळे मनगटावर घड्याळ हे माझ्यासाठी दागिना वगैरे कधी नव्हतंच, ते कामाचं हत्यार. पहिली सगळी घड्याळं अशीच साधी, सेलवर चालणारी. पट्टा तुटला की बदलायचा, फारच झालं की घड्याळच बदलायचं.

एकदा तपासणीला बाहेरून एक मोठे साहेब आले होते. माझ्या टेबलाशी उभे राहून ते काहीतरी विचारत होते आणि मी उत्तर द्यायचं सोडून त्यांच्या मनगटाकडे बघत होते. त्यांच्या घड्याळाचा सेकंदकाटा टिक-टिक उड्या मारत नव्हता. सरकत होता. थांबतच नव्हता मुळी. मला ते इतकं आवडलं की मी वेड्यासारखं विचारूनच टाकलं, "सर, हे असं कसं?" त्यांनी सांगितलं, यात सेल नसतो, हाताच्या हालचालीवर चावी बसते, घालत राहिलं की चालतं, काढून ठेवलं की एक-दोन दिवसांत थांबतं. घालत राहिलं की चालतं! माझ्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच. मला ते पाहिजे होतं. साधी गोष्ट आहे, बाईला एखादी वस्तू पाहिजे असू शकते.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मुलीचं शिक्षण मार्गी लागल्यावर, मी एकटी नाशिकला गेले आणि घेऊन आले. कंपनीचं नाव सांगत नाही आणि किंमत तर मुळीच सांगत नाही, कारण ती ऐकली की लोक घड्याळाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतात. डायल मोठी घेतली, कारण चाळिशी लागल्यापासून बारीक आकडे मला दिसत नाहीत. दुकानातला मुलगा गोड हसून म्हणाला, "साहेबांना सरप्राइज का, मॅडम?" मी म्हटलं, "साहेबांना सरप्राइज बसेलच. पण घड्याळ माझ्यासाठी आहे."

सरप्राइज बसलं. माझे यजमान भुसावळला शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. माणूस देवगुणी, फक्त 'लोक काय म्हणतील' हा त्यांचा कायमचा विषय. त्यांनी डबा उघडला, घड्याळ बघितलं, डबा बंद केला, परत उघडला आणि म्हणाले, "छान आहे. काढू नको यातून. जावयाला होईल."

जावयाला! मुलगी तेव्हा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. जावई कोण, कुठला, काळा की गोरा, कशाचा पत्ता नव्हता, आणि त्याचं घड्याळ मात्र घरी येऊन बसलं होतं.

आता हे आमच्याकडचं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडे हुंडा बंद झाला त्याला दोन पिढ्या झाल्या. भाषणात तर तो अजिबातच नसतो. पण साखरपुड्याला मुलीचा बाप नवरदेवाच्या हातात घड्याळ बांधतो, ते मात्र चालतं. ते हुंड्यात धरत नाहीत, ते कौतुक. बुद्धवंदना झाली, पाहुण्यांचं स्वागत झालं, की माइकवरून पुकारा होतो आणि फोटोग्राफर पुढे सरसावतो. अख्खा हॉल माना वर करून बघतो, घड्याळ कोणत्या कंपनीचं आहे ते. पुढे वर्षभर त्यावरून मुलीकडच्यांची लायकी ठरते. तर आमच्या घरात एक भारी घड्याळ, तेही मोठ्या डायलचं, म्हणजे ते पुरुषाचंच. आणि घरात पुरुष म्हणजे निवृत्त मास्तर, त्यांना काय करायचंय. म्हणजे ते जावयाचं. हिशेब झाला. मला कुणी विचारलं नाही. मी "बघू" म्हटलं, आणि त्या बघूमध्ये दोन-तीन वर्षं निघून गेली.

या काळात घड्याळाचं दर्शन मात्र चालू होतं. पाहुणे आले की यजमान डबा घेऊन यायचे. काचेवर दुकानातलं पातळ प्लास्टिक चिकटलेलं, पट्ट्याच्या कडीवर प्लास्टिक, मागच्या बाजूला प्लास्टिक. "हात नका लावू हं, ठसे उमटतात." यावलहून माझी मोठी बहीण, आमची अक्का, आली होती. तिनं डोळे बारीक करून बघितलं. "हे तं बंद शे."

"अक्का, घातल्याशिवाय ते चालत नाही."

"बापा! एवढं महागाचं आन् सेल बी नाही त्याच्यात?"

यजमानांनी ते एकदा भुसावळला एका दुकानात सेल टाकायला नेलं होतं, हेही मला मागाहून कळलं. मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगायचं तर मला हसूही येत नव्हतं. मला ते डब्यातलं बंद घड्याळ बघितलं की कसंसंच व्हायचं. हौसेनं आणलेली माझी वस्तू, आणि घरात मीच तिला हात लावायचा नाही.

आणि हे घड्याळापुरतंच कुठं आहे? आमच्या केंद्राच्या वसाहतीत घराघरात जाऊन बघा. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. नव्या सोफ्याची झाकणं उन्हाळ्यात पाठीला चिकटतात पण काढायची नाहीत. चांगले कप शोकेसमध्ये आणि आपण फुटक्या कानाच्या कपात चहा पितो. कुणासाठी ठेवलंय हे सगळं? विचारलं की उत्तर ठरलेलं, "असू दे, येईल कामाला." कुणाच्या कामाला ते नाही सांगत. मला तर आता पक्कं वाटतं, घरात जपून ठेवलेली प्रत्येक वस्तू कुणातरी दुसऱ्याच्या नावानं ठेवलेली असते. आपण तिचे राखणदार. बिनपगारी.

मग मुलीला स्थळ आलं. ती तोवर धुळ्याला फार्मसी कॉलेजात शिकवायला लागली होती. मुलगाही धुळ्याचाच, इंजिनिअर, पुण्याला नोकरी. नात्यातून ओळख निघाली, दोघं भेटले, बोलले, आणि माझ्या मुलीला तो आवडला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढच्या सगळ्यात तेच महत्त्वाचं आहे. ती फोनवर त्याच्याशी बोलताना अशी हसायची की स्वयंपाकघरात मलाही हसू फुटायचं. मलाही तो वाईट वाटला नाही. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं त्यानं, एवढ्यावर मी खूश झाले होते. मलाही देवानं अक्कल बेतानंच दिलीय.

मुलाला वडील नव्हते. सगळा कारभार त्याच्या मामांच्या हातात. धुळ्याला हायवेवर त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान, बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. ते आमच्याकडे बैठकीला आले तेव्हा शिरा खाता खाता म्हणाले, "आम्हाला काहीच नको. मुलगी द्या, नारळ द्या. बाकी तुमची हौस." आमच्या मास्तरांना इतकं भरून आलं की ते उठले आणि डबाच घेऊन आले.

मामांनी डबा मांडीवर घेतला, घड्याळ फिरवून फिरवून बघितलं. "घड्याय भारी शे हां!" मग एकदम शुद्ध मराठीत आले, "सर, एक करा. याचं प्लास्टिक काढू नका. साखरपुड्याला नवरदेवाच्या हातानंच निघू द्या. फोटोत छान येईल."

सगळे हसले. यजमानही हसले. मुलगी खाली मान घालून हसली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. प्लास्टिक नवरदेवानं काढायचं! माझ्या घड्याळाचं! जे मी स्वतःही काढलं नव्हतं!

पाहुणे गेल्यावर मी यजमानांना म्हटलं, "अहो, ते घड्याळ माझं आहे."

"हो, तुझंच आहे गं. पण आता शब्द गेलाय."

"कुणाचा शब्द?"

ते वर्तमानपत्र शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी होती. आंघोळ झाली, साडी नेसले, कपाट उघडलं, डबा काढला. नखानं काचेवरचं प्लास्टिक उचकटलं. चर्रर्र आवाज करत निघालं. कडीवरचं काढलं, मागचं काढलं. वेळ लावली, हात दोनदा हलवला, आणि काटा सरकायला लागला. बाई गं, काय सांगू! मी वसाहतीतून केंद्राच्या फाटकापर्यंत चालत गेले, ती रस्ता न बघता, मनगटाकडे बघत. एका कुत्र्यावर पाय पडता पडता राहिला.

त्या दिवसापासून ते उतरलं नाही. आमच्याकडे केंद्रातल्या कोळशाची राख काही सांगून येत नाही, खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या चादरींवर, सगळीकडे बारीक थर असतो. ती पट्ट्याच्या फटींतही बसली. मी ब्रश घेऊन धुतलं, परत घातलं. आणि मग एका दुपारी नमुना घेताना गडबडीत हात नळाच्या चावीवर घासला. खर्रकन आवाज आला. मी आधी बाटली ठेवली, मग बघितलं. काच ठीक होती. काचेभोवतीच्या स्टीलच्या कड्यावर पांढरी रेघ, नखाएवढी.

खोटं कशाला बोलू. जीव हळहळला. मी रुमालानं पुसलं, थुंकी लावून पुसलं. मग सोबतची सहकारी म्हणाली, "मॅडम, रीडिंग?" आणि मी रीडिंग घेतलं. संध्याकाळी घरी जाताना परत ती रेघ बघितली तेव्हा मात्र मला फार मोकळं वाटलं. आता हे कुणाला नवं म्हणून देता येणार नव्हतं. आता ते माझंच होतं, तशी खूणच होती त्याच्यावर.

घरात जे रामायण व्हायचं ते झालं. यजमान खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. अक्का यावलहून बसनं आली, मला शिव्या घालायला. "तुले काय घड्यायाचं सोंग लागलं वं या वयात? पोरगी उजवायची का घड्याय मिरवायचं?" मी म्हटलं, "दोन्ही करीन." मुलीचा फोन आला. ती रागावली नव्हती, विनवत होती, ते मला जास्त लागलं.

"आई, देऊन टाक ना. एका घड्याळावरून कशाला सगळं ताणतेस?"

"तुला पाहिजे का? तुला देते. तू घाल. माझ्या हातातलं काढून तुझ्या हातात घालते, आत्ता."

"मला काय करायचंय ते एवढं मोठं? त्याला दे."

"त्यानं मागितलंय?"

"त्यानं नाही. मामांनी."

"मग मामांना सांग, मामीसाठी घ्या एक."

तिनं फोन ठेवला.

यानंतर मास्तरांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्या सुट्टीच्या दुपारी मी झोपले असताना ते माझ्या उशाशी काढून ठेवलेलं घड्याळ खिशात घालून जळगावला गेले. तिथल्या मोठ्या दुकानात विचारलं, ओरखडा घालवता का. दुकानदार म्हणाला, कंपनीकडे पाठवावं लागेल, वेळ लागेल. तेवढा वेळ यांच्याकडे कुठला? शेजारीच मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. तिथं बसून त्यांनी मोबाइलच्या काचेवर लावतात ते प्लास्टिक घड्याळाच्या मापानं गोल कापून घेतलं आणि काचेवरून कड्यापर्यंत ओढून चिकटवून आणलं. संध्याकाळी घड्याळ माझ्या उशाशी परत. चहा घेता घेता मी वेळ बघितली, तर आकड्यांवर हवेचा बुडबुडा. दाबला की इकडून तिकडे सरकायचा. मी एवढी हसले, एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. यजमान हिरमुसून म्हणाले, "लांबून नवंच वाटतंय."

"अहो, कशासाठी हे?"

"मी काय करू मग?" ते एकदम म्हणाले. "एकुलती एक पोर आहे. तिला तो आवडलाय. मोडलं तर?"

त्या माणसाला मी काय बोलणार? तेही घाबरलेले, मीही आतून घाबरलेलीच. फरक एवढाच की ते घाबरून पुढे पुढे करतात आणि मी घाबरले की भांडते. आम्ही मधला मार्ग काढला. जळगावहून एक नवं घड्याळ आणलं, भारतीय कंपनीचं, चांगलं, देखणं, डब्यातलं. कुणाही नवरदेवाला शोभेल असं. यजमानांनी निःश्वास टाकला. मी माझ्या घड्याळावरचं ते मोबाइलचं प्लास्टिक ओढून काढलं आणि केराच्या डब्यात टाकलं.

साखरपुडा धुळ्याला होता. आम्ही दोन गाड्या करून निघालो. मुलगी मोरपंखी साडीत अशी दिसत होती की अक्कानंही घड्याळाचा विषय काढला नाही. हॉल भरला होता, पुढे बुद्धमूर्तीपाशी फुलं लावून झाली होती, मेणबत्त्या लावायच्या बाकी होत्या. तेवढ्यात मामांनी यजमानांना मागच्या खोलीत बोलावलं. मीही गेले. मुलगाही तिथंच होता, नव्या सुटात, घामाघूम. मामांच्या समोर आमचं ताट होतं, त्यात कपडे, नारळ आणि नव्या घड्याळाचा डबा उघडलेला.

"हे काय? ते कुठंय?"

मी काही बोलायच्या आधी त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "ताई, ते तुमच्या हातात कसं?"

"माझ्याच हातात असतं ते, मामा. मी घेतलंय ते, माझ्यासाठी."

त्यांनी माझा हात न विचारता पुढे ओढला आणि बघितलं. ओरखडा दिसला. अंगठ्यानं चोळला. "वापरून टाकलं," ते म्हणाले, एखादं सामान परत करावं तसं. "आम्ही नात्यात सांगून बसलोय, सर. बाहेर बठ्ठे लोक विचारतील. एक करा, तसलंच दुसरं नवं आणा. नाशिकला माणूस पाठवा, आम्ही थांबतो. नाहीतर हेच काढून द्या, ओरखड्याचं आम्ही बघून घेऊ."

"हे हुंड्यासारखं झालं, मामा," मी म्हटलं.

ते भडकलेच. "आम्ही काय हुंडा मांगी ऱ्हायनूत का? तुमची हौस म्हटलं होतं ना आम्ही!"

यजमान हात जोडून उभे. आणि दारात माझी मुलगी. ती केव्हा आली होती कुणास ठाऊक, केसांत गजरा, तोंडावरचा रंग उतरलेला. मी तिच्याकडे बघितलं. खरं सांगते, माझा हात पट्ट्याच्या कडीवर गेला. मी ते काढणार होते. खड्ड्यात गेलं घड्याळ, असं मनात आलं. मी कडी उघडणार तेवढ्यात ती बोलली. माझ्याशी नाही, त्याच्याशी.

"तुला पाहिजे का ते?"

तो म्हणाला, "मला काय करायचंय गं त्याचं."

"मग सांग ना मामांना."

त्यानं मामांकडे बघितलं. मग खाली बघितलं. मग म्हणाला, "आता एवढे लोक जमलेत... मामा म्हणताहेत तर काकूंनी देऊन टाकावं ना. विषय संपेल."

"मी तुला विचारलं. तू काय म्हणतोस?"

ती वाट बघत राहिली. आम्ही सगळेच वाट बघत राहिलो, मीसुद्धा, आणि मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, बोल रे बाबा, एक शब्द बोल, हे घड्याळ मी तुझ्या अंगावरून ओवाळून टाकते. तो बोलला नाही. बुटाच्या टोकाकडे बघत उभा राहिला. मग माझी मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी आणायला सांगा."

धुळ्याहून आमच्या गाड्या तशाच परत निघाल्या. मला वाटलं होतं, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडेल. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. पारोळ्यापाशी मीच म्हटलं, "बरं झालं वेळेवर कळलं, बाळा."

ती वळली. "तू ते घातलं नसतंस तर मला कधी कळलंच नसतं," ती म्हणाली. "आणि मला कळायला नको होतं, आई. मी सुखात राहिले असते."

तोंडाळ बाई म्हणून अख्ख्या वसाहतीत माझं नाव आहे, पण त्या गाडीत मी नुसती सेकंदकाट्याकडे बघत बसले.

पुढे कित्येक महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. बाकीचे भरपूर बोलले. घड्याळापायी पोरीचं लग्न मोडलं, हे वाक्य मी यावलपासून धुळ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय, कुणी तोंडावर, कुणी पाठीमागे. हो, मोडलं. घड्याळानंच मोडलं. मी कधी नाही म्हटलं नाही आणि घड्याळही काढलं नाही. जे मागतात त्यांना लाज नाही वाटत, मग आपल्या हातातली आपली वस्तू घालायची लाज मी का बाळगू? ओरखडे आणखी पडले. पट्ट्यावर तर आता जागाच उरली नाही. यजमान अजून अधूनमधून फडक्यानं पुसून ठेवतात, आणि मी ते परत घालते. मला बोलायचं ते बोला, असं माझं होतं. फक्त मुलगी समोर आली की माझी मान खाली जायची.

गेल्या महिन्यात तिला नवं स्थळ आलं. जळगावची माणसं, दुपारी येणार होती. ती धुळ्याहून सकाळीच आली होती. मी पोहे भिजवले, कांदा चिरला. यजमान दोनदा स्वयंपाकघरात येऊन माझ्या हाताकडे बघून गेले. आणि मी, जिनं एवढा तोरा मिरवला ती मी, घड्याळ काढलं आणि चमच्यांच्या खणात मागे सारलं. एवढ्यासाठी पोरीला परत ते सगळं नको. दोन तास घड्याळ नसलं तर मरत नाही मी.

मुलगी तयार होऊन आत आली. बशा पुसायला घेतल्या. माझ्या उघड्या मनगटावर घड्याळाच्या मापाचा पांढरा पट्टा उमटलाय, बाकी हात उन्हानं रापलेला, तो तिला दिसला.

"कुठंय?"

"असेल इथंच. तेलकट हात आहेत म्हणून."

"आई, कुठंय?"

मी खणाकडे बघितलं. तिनं खण ओढला, चमचे खडखडले. घड्याळ बाहेर काढून तिनं माझा हात धरला, कांदा-हळद लागलेला तसाच, आणि पट्टा चढवून कडी दाबली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, यजमान "या, या" म्हणत होते.

"कशाला गं," मी म्हटलं. "आधी बोलणी होऊ दे."

"आधीच दिसू दे," ती म्हणाली. "मला परत गाडीतून तसं घरी यायचं नाहीये." मग पदर सारखा करून तिनं पोह्यांचा ट्रे माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू पुढे हो."